न ऐकलेलं प्रायश्चित्त

इनास फेरावचे कान गिरणीने खाल्ले. हळूहळू खाल्ले, म्हणून आधी त्याला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा कोणाला सांगायची सोय उरली नव्हती.

तेरेखोलच्या खाडीकाठचा हा ख्रिस्तांव गडी विसाव्या वर्षी परळला आला आणि साचा खात्यात लागला. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एका छपराखाली धडधडत, आणि त्या कल्लोळात शेजारच्याच्या कानाला तोंड लावून बोंब मारली तरी ऐकू जात नसे. म्हणून साचेवाले नुसत्या ओठांनी बोलत. पलीकडच्या रांगेतला गडी आवाज न काढता विचारी, 'डब्यात काय?' इनास तसेच ओठ हलवून सांगे, 'सुकट.' दहा वर्षांत तो ओठ वाचण्यात इतका तयार झाला की रस्त्यापलीकडे दोन माणसं कोणाची निंदा करताहेत ते याला इकडे उभं राहून कळे.

संपानंतर गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा निम्मीच माणसं परत घेतली. जॉबर, म्हणजे मुकादम, पाठीमागून येऊन हाक मारून बघायचा. ज्याने मान वळवली नाही तो बहिरा, तो घरी. इनास समोर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचा. ते डोळे आपल्या खांद्यावरून मागे गेले की हा वळायचा आणि म्हणायचा, "काय सायब?" अशी त्याने नोकरी टिकवली. पुढे गिरणी कायमची बंद पडली आणि तो लालबागच्या एका टॉवरवर वॉचमन झाला. बहिरा वॉचमन. सतरा वर्षं कोणाला पत्ता लागला नाही, कारण तो डोळे मिटायचाच नाही.

बायकोला आणि पुढे पोरीला तेवढं ठाऊक होतं. पोलीन बोलायच्या आधी त्याच्या कोपराला हात लावायची, तो वळला की मग बोलायची. चाळीत मात्र त्याच्याबद्दल भलतंच मत. शेजारची नलू परब, कुडाळकडची, एकदा पोलीनकडे गाऱ्हाणं घेऊन आली. "तुझो घोव माझ्या तोंडाकडे टक लावन बघता."

पोलीन मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तोंडाकडेच बघता मां? मग बघांदेत."

सगळीकडे निभलं, कुमसाराला मात्र पंचाईत. कुमसार म्हणजे पाद्र्याकडे पापाची कबुली. वर्षातून एकदा, करेज्मात, म्हणजे इस्टरच्या आधीच्या चाळीस उपवासाच्या दिवसांत, ती करायचीच हा त्याच्या आवशीचा दंडक. चर्चमध्ये कपाटासारखी लाकडी खोली, मधे जाळी, जाळीला पडदा. पलीकडे पाद्री, अलीकडे गुडघ्यांवर आपण. आपण पापं सांगायची. पाद्री चार शब्द सांगतो, प्रायश्चित्त काय करायचं ते सांगतो, मग हात उचलून क्रूस काढतो आणि क्षमा देतो. सांगितलेलं प्रायश्चित्त आपण पुरं करायचं. आता जाळीपलीकडचे ओठ दिसणार कसे?

इनास सावली बघायचा. पडद्यावरची सावली हलतेय म्हणजे पाद्री बोलतोय. थांबली म्हणजे आपण 'होय फादर' म्हणायचं. हात वर गेला म्हणजे 'आमेन' म्हणून उठायचं. राहिलं प्रायश्चित्त. गावचा म्हातारा पाद्री, तुम्ही चिंचा चोरलेल्या असोत की भावाचं डोकं फोडलेलं असो, एकच सांगायचा: गुडघ्यांवर बसून एक तेर्स. तेर्स म्हणजे जपमाळेची पाच दशकं. इनासने तेच माप धरलं, आणि देवाला कमी पडायला नको म्हणून आपल्या मनाने दुप्पट केलं. पस्तीस वर्षं तो न ऐकलेलं प्रायश्चित्त असं अंदाजाने करत आला. आपण फसवतोय असं त्याला कधी वाटलं नाही. उलट आपण वर दोन मुठी घालतोय असंच वाटायचं.

पाद्र्याला सांगून टाकायचं ना, की ऐकू येत नाही. पण ज्या माणसाने बहिरेपण लपवून चूल पेटती ठेवली त्याच्या जिभेला ते वाक्य कधी सवयीचं झालं नाही.

त्याला एकच पोर. जासिंता. घरात जासू. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला होती. तिथे बहिणीसाठी साडी घ्यायला आलेल्या सुशांत जगदाळेशी तिचं जुळलं. सरकारी ऑफिसात कारकून, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत क्वार्टर. एका रविवारी मिस्सेवरून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेवरून, आल्यावर जासू बापासमोर बसली, कोपराला हात लावला आणि सावकाश सगळं सांगितलं. हिंदू आहे. रजिस्टर लग्न करणार आहोत. फादरांची परवानगी काढून तो चर्चमध्येही उभा राहायला तयार आहे. त्या दिवशी इनासचा एक शब्द चुकला नाही. त्याला ती सबब नाही.

"देवाक खंय ठेवलंस?" त्याने विचारलं.

"देव हयच आसा, पप्पा. तुमी फक्त येवा."

"गेलंस तर माका चेडू नाय," तो म्हणाला आणि त्याने पाठ केली.

धड कानाच्या माणसाने पाठ केली तर निदान शब्द तरी मागून येऊन टोचतात. इनासने पाठ केली की समोरचं माणूस त्याच्यापुरतं मुकं. जासू मागे उभी राहून बराच वेळ बोलली असणार, कारण तो वळला तेव्हा पोलीनचं तोंड रडून सुजलेलं होतं. पोर गेलेली होती. पुढे पोलीनने तिचं नाव काढलं की तो भिंतीकडे तोंड करायचा. पोलीन महिन्यातून एकदा मासे बांधून घेऊन अँटॉप हिलला जायची. ते त्याला ठाऊक होतं. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

पोलीन न्यूमोनियाने गेली त्याला तीन वर्षं झाली. शिवडीच्या कबरस्तानात जासू आली. माती टाकून झाल्यावर ती इनासजवळ आली आणि तिने त्याच्या कोपराला हात लावला. त्याने कोपर काढून घेतलं. भांडण नाही, शिवी नाही. कोपर काढून घेतलं, एवढंच.

गेल्या वर्षी करेज्माच्या सुमाराला चर्चमध्ये वसईकडचा नवा पाद्री आला, फादर तुस्कानो. दाढीमिशी सफाचट, ओठ ठसठशीत, म्हणून इनासला तो पहिल्या रविवारीच आवडला. याच्या आधीच्याला झुपकेदार मिशी होती, त्याचं चार वर्षांतलं एक प्रवचन इनासच्या पदरात पडलं नव्हतं. पुढच्या बाकावर बसून तो फादर तुस्कानोंचा शब्द न् शब्द वाचायचा.

"तुम्ही मटण सोडलं, दारू सोडली, चांगलं केलं," फादर सांगत होते. "पण प्रार्थनेत तुम्ही नुसतं बोलता. हे दे, ते दे, याला बरं कर. एखाद्या घरी जाऊन तुम्ही तासभर आपलंच सांगितलंत आणि त्याचं एक न ऐकता उठून आलात, तर तो तुम्हाला काय म्हणेल? चाळीस दिवस थोडं गप्प बसा. कोण काहीतरी सांगत असेल, ते ऐका."

इनासला ते लागलं. बहिऱ्याने ऐकायचं कसं, हा एक प्रश्न. आणि दुसरं म्हणजे त्याला एकदम आठवलं की बारा वर्षं आपण कुमसाराला जातो, शिव्या दिल्या, मिस्सा चुकवली, असली बारीकसारीक पापं सांगतो, आणि जासूचं एकदाही सांगितलेलं नाही.

त्या शुक्रवारी तो जाळीसमोर गुडघ्यांवर बसला. "फादर, बारा वर्षां झाली, मी माझ्या चेडवाक माफ करूक नाय. अँटॉप हिलाक रवता. तेच्या आवशीच्या मयताक तां इलां, तर मी तोंड फिरवलंय. ह्यां पाप मी आजपर्यंत सांगूक नाय."

पडद्यावरची सावली हलायला लागली. नेहमी दोन मिनिटांत थांबायची, आज थांबेना. डोकं जाळीच्या अगदी जवळ आलं. थांबलं, पुन्हा हललं, पुन्हा थांबलं. काहीतरी मोठं सांगणं चाललं होतं. इनासच्या घशापर्यंत आलं, की फादर, माका ऐकाक येणा नाय. पण मागे रांगेत तेरा माणसं होती, ती त्याने येताना मोजली होती, आणि त्याला वाटलं, एवढ्यांसमोर पाद्री मोठ्याने ओरडून सांगणार. दर थांब्याला तो म्हणाला, "होय फादर." हात वर गेला. "आमेन."

पाप मोठं म्हणून त्याने प्रायश्चित्त मोठं घेतलं. तीन तेर्स, चर्चच्या उघड्या लादीवर, गुडघ्यांखाली रुमालसुद्धा न घेता. उठताना गुडघे सुटेनात, खांबाला धरून उभा राहिला. पण छाती मोकळी झाली होती. इतकं हलकं त्याला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. इस्टरला त्याने कम्युनियन घेतलं, म्हणजे क्षमा मिळालेल्यानेच घ्यायची पवित्र भाकर, घरी येऊन गावच्या मंडळींनी पाठवलेलं डुकराचं सोरपोतेल पोटभर खाल्लं आणि दुपारी झोपला.

आणि मग तो वाट बघायला लागला. त्याचा हिशेब सरळ होता. मी कबूल केलं, मी गुडघे फोडून घेतले, आता पोरीला आणणं हे देवाकडे. संध्याकाळी गॅलरीत जिन्याकडे तोंड करून बसायचा. नलूला त्याने पोटातलं थोडं सांगितलं, कारण सांगायला दुसरं कोण उरलं नव्हतं.

नलू म्हणाली, "अरे, मग तू जा मां. अँटॉप हिल काय विलायतेक आसा? बस जाता थंय."

"देवाक सांगून झालां. आता तेचां काम."

"तेका काय तुझीच एक पोर आसा?"

"तुका कळाचा नाय ता. आमच्यात तसा असता."

मे गेला, पाऊस येऊन मुरला, गणपती आले. लालबाग-परळला गर्दीने वाट राहिली नाही. नलू गौरीसाठी साडी आणायला हिंदमाताला गेली, जासू कामाला होती त्याच दुकानात. परत आली ती साडी न घेता. इनाससमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जासू गेली रे. आठ दिस झाले."

इनासने तिच्या ओठांकडे बघितलं. "परत सांग."

तिने परत सांगितलं.

"परत सांग."

तिसऱ्यांदा सांगताना ती रडायला लागली, ओठ वाकडे झाले, आणि मग त्याला काही वाचता येईना.

जासूच्या छातीत गाठ होती. दुकानातल्या बाईला जेवढं माहीत होतं तेवढं नलूने दुसऱ्या दिवशी शांतपणे समोर बसून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, उठला, पोलीनच्या आल्ताराखालचा, म्हणजे देव्हाऱ्याखालचा, दिवा काढला, जपमाळ खिळ्यावरून काढून पत्र्याच्या डब्यात टाकली आणि डबा माळ्यावर ढकलला. अँटॉप हिलला तो गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार? चर्चलाही जायचा बंद झाला. त्याचा देवाशी झगडा लागला होता, आणि आपली बाजू खरी आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. मी माझं केलं. त्याने त्याचं केलं नाही.

नाताळला नलूने दार वाजवलं, मग आत येऊन समोर उभी राहिली. "अरे, तुझो नाताळ मां आज? नेवऱ्यो खंय?"

"तुझ्या गणपतीक सांग करूक."

"तो खाता. करणा नाय."

इनास हसला नाही. नलूने त्याच्या पाठीमागे जाऊन काहीतरी म्हटलं असावं. तो तसाच बसून राहिला. ती पुन्हा पुढे आली तेव्हा तिचं तोंड वेगळंच झालं होतं. तिने पुन्हा मागे जाऊन ताट आपटलं. पंचवीस वर्षांच्या शेजाराला पहिल्यांदा उलगडा झाला.

"मेल्या," ती समोर येऊन म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षां दाराआडसून तुका घातलेल्यो गाळी सगळ्यो फुकट गेल्यो?"

जानेवारीत तिच्या मंडळाने कानतपासणीचं शिबिर भरवलं. तिने याचं नाव घातलं आणि दंडाला धरून नेलं. डॉक्टरांनी कानात मशीन बसवलं. घरी येताना इनासने वाटेत चारदा थांबून मागे बघितलं, कोण येतंय म्हणून. त्याच्याच चपला होत्या. नळ गळत होता, तो कधीपासून गळत होता देव जाणे. पलीकडच्या खोलीत एक म्हातारा अखंड खाकरायचा. नलूचा आवाज इतका किरटा असेल असं तिच्या ओठांवरून कधी वाटलं नव्हतं. चार दिवसांत त्याचं डोकं उठलं. पण मशीन त्याने काढलं नाही, कारण त्याच्या मनात एक काम होतं.

करेज्म लागला. दुसऱ्या शुक्रवारी तो चर्चमध्ये गेला. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. तो जाब विचारायला गेला होता. जाळीसमोर बसला आणि पापं सांगायच्या ऐवजी म्हणाला, "फादर, गेल्या करेज्मात मी हय बसान माझ्या चेडवाचां सांगलंय. आठवता?"

पलीकडून आवाज आला. बारीक, पोरगेलासा, नाकातून येणारा. "आठवतं."

एवढ्या मोठ्या ओठांतून एवढा बारका आवाज. इनास म्हणाला, "मी प्रायश्चित्त केलंय. तीन तेर्स. पंधरा दशकां, लादयेर. आणि चेडू मेलां. गणपतीच्या आधी मेलां. आता तुमी सांगा, माझा काय चुकला? तुमच्या देवान कित्याक आपला काम केल्यान नाय?"

पडद्यावरची सावली जाळीजवळ सरकली.

"तीन तेर्स तुम्हाला कोणी सांगितले?" फादरांनी विचारलं.

"तुमी सांगलात तां..." इनास अडला. "माका ऐकाक येय नाय तेव्हा. आता मशीन आसा."

"इनास, मी तुम्हाला एक दशकसुद्धा सांगितलं नव्हतं." आवाज आता आणखी बारीक झाला होता. "मी म्हटलं होतं, जप नको. तुम्ही अँटॉप हिलला जा. इस्टरच्या आत जा. तिच्या दारात जाऊन बसा, काही बोलू नका, ती काय बोलेल ते ऐकून घ्या. शिव्या दिल्या तर त्याही ऐका. हेच तुमचं प्रायश्चित्त. मी तीनदा विचारलं, जमेल ना? तुम्ही तीनदा 'होय फादर' म्हणालात."

इनासने जाळी हाताने धरली.

"इस्टरला तुम्ही कम्युनियन घेतलंत. मला वाटलं, जाऊन आलात," फादर म्हणाले. "नंतर तुम्ही चर्चला येईनासे झालात. रस्त्यात दिसायचात. मला विचारता येत नव्हतं. इथलं इथेच ठेवायचं असतं, बाहेर एक शब्द काढायची मला मुभा नाही. रोज वाटायचं विचारावं."

मग जाळीपलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पाद्री रडत होता. इनासला पाद्र्याचं रडणं नको होतं. त्याला भांडायचं होतं, आणि आता भांडायला समोर कोणी राहिलं नव्हतं. देवाने आपलं काम केलं होतं. सांगणारा पाठवला होता, पत्ता सांगितला होता, मुदत सांगितली होती.

"आता काय करू?" त्याने विचारलं.

"तेच. ते राहिलंय अजून."

"चेडू नाय आता."

"घर आहे ना. घरात माणूस आहे."

शनिवारी दुपारी तो अँटॉप हिलला गेला. सरकारी वसाहत, सारख्याच बिल्डिंगा, विचारत विचारत तिसऱ्या मजल्यावर पोहोचला. सुशांतने दार उघडलं. बनियनवर होता, हात ओले. सुट्टीच्या दिवशी कपडे धूत होता. केस कानांवर पांढरे झाले होते. त्याने इनासला ओळखलं आणि आत या म्हटलं नाही, पण दारातून बाजूला झाला.

"कोणी पाठवलं?"

"पाद्र्यान."

"काय पाहिजे?"

"काय नको. ऐकाक इलंय."

सुशांतने एक कोरडं हसू काढलं आणि मोरीत जाऊन पुन्हा कपडे पिळायला लागला. तिथूनच काहीतरी बोलला. मशीनमध्ये सगळं पाणीच पाणी झालं.

"जरा नळ बंद करशात?" इनास म्हणाला.

सुशांतने नळ बंद केला. हात पुसत बाहेर आला आणि पलंगाच्या कडेवर बसला. "आता ऐकायचंय? बरं, ऐका. फेब्रुवारीत कळलं. मी म्हणालो, तुझ्या पप्पांना कळवतो. नको म्हणाली. आजारपण कळवून आणलेला माणूस आजारपणाला येतो, म्हणाली, मला तसा नको. मग मी कळवलं नाही. नंतर गेली, तेव्हाही कळवलं नाही. तेव्हा माझा राग होता, खरं सांगतो."

इनास दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता.

"इस्टरला पहिलं इंजेक्शन होऊन आठ दिवस झाले होते. उलट्या चालू. तरी सकाळी उठून आंघोळ केली, तो निळा ड्रेस घातला आणि दाराकडे तोंड करून बसली. दरवर्षी बसायची. इस्टरला आम्ही कधी कुठे बाहेर गेलो नाही. आधी म्हणायची, मम्मी येईल. मम्मी गेल्यावर म्हणायची, असंच."

"किती वाजापर्यंत?" इनासने विचारलं. बोलायचं नव्हतं, पण सुटलं.

"काय?"

"बसली हुती."

"चार. मग उलटी झाली, मग आडवी झाली."

चार वाजता इनास परळला झोपलेला होता. सोरपोतेल खाऊन, हलका होऊन.

"तुमच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही असं सांगू का?" सुशांत म्हणाला. "बोलायची. हट्टी म्हातारा, एकटा मरेल, म्हणायची. मग म्हणायची, त्यांच्याशी बोलायच्या आधी कोपराला हात लावायचा, नाहीतर दचकतात. मला कशाला सांगायची कोण जाणे. मी कधी तुमच्याशी बोलणार होतो? शिवडीला मी मागेच उभा होतो. तुम्ही हात काढून घेतलात ते बघितलं मी. घरी आल्यावर ती दोन दिवस जेवली नाही."

खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना. दोघेही ते ऐकत राहिले.

"शेवटी पाद्री इलो हुतो?" इनासने विचारलं.

"कोण आणणार? मला तुमच्यातलं काय माहीत? तिने काही सांगितलं नव्हतं. सांगायच्या स्थितीत नव्हती. आम्ही जाळलं. आमच्या पद्धतीने जे करायचं ते केलं."

म्हणजे मरतानाचं पवित्र तेल लागलं नाही, प्रार्थना नाही, क्रूस नाही. इनास मान खाली घालून बसला. सुशांत बराच वेळ बोलत राहिला, हॉस्पिटलचं, दुकानातल्या बायकांनी आळीपाळीने रात्री काढल्या त्याचं, केस गेले तेव्हा ती आरशात बघून काय म्हणाली त्याचं. त्याच्या आवाजात माया नव्हती आणि रागही फारसा नव्हता. इतके महिने कोणी विचारलं नव्हतं म्हणून तो बोलत होता.

"झालं. एवढंच आहे माझ्याकडे."

इनास उठला. जिन्यापाशी सुशांत म्हणाला, "परत येऊ नका. तुम्ही जिन्यात पडलात तर मी उचलेन. पण चहा नाही देणार. जमणार नाही मला."

"होय," इनास म्हणाला.

इस्टरच्या आदल्या, पवित्र सप्ताहातल्या बुधवारी तो परत जाळीसमोर बसला आणि अँटॉप हिलला जे ऐकलं ते सगळं, सुशांतच्या शब्दांत, काही न गाळता सांगितलं. चार वाजल्याचंही सांगितलं. मागच्या रांगेत माणसं चुळबुळायला लागली होती. ती चुळबुळ त्याला ऐकू येत होती. तो थांबला नाही.

"तुमचं प्रायश्चित्त पुरं झालं," फादर तुस्कानो म्हणाले. सावलीचा हात वर गेला.

"हात खाली घेवा, फादर."

"का?"

"गेल्या वर्षी तुमी हात उचललात आणि मी हलको झालंय. चेडू थंय दाराकडे बघत बसलेलां आणि मी हलको होवन निजलंय. आता माका हलको होवचा नाय."

"क्षमा नको म्हणणं हेही पाप आहे, इनास."

"मग तां पुढच्या करेज्मात सांगान." त्याने कान जाळीला लावला. "आणखी काय सांगूचां आसात तर सांगा. आता ऐकाक येता."

इनासने मशीनच्या आवाजाची खुंटी थोडी वर केली आणि गुडघ्यांवर तसाच वाट बघत राहिला. पलीकडे श्वास चालू होता. बाहेर कोणी म्हातारी पुटपुटत होती. दोन-तीन मिनिटांनी तो जाळीला धरून उठला आणि मागच्या बाईला वाट करून दिली.

इस्टरच्या मिस्सेला तो गेला, मागच्या बाकावर बसला. कम्युनियनची घंटा झाली, माणसं रांगेने उठायला लागली. शेजारच्या माणसाला त्याच्या गुडघ्यांमुळे बाहेर पडता येईना. तो म्हणाला, "काका, जरा उठता?" इनास उठला, त्याला जाऊ दिलं आणि पुन्हा बसला.